दाखल्यावरचे वय आणि हाडांचे वय

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात व विद्यार्थी-गुणगौरव समारंभात केलेले भाषण)



आजच्या मंगल प्रसंगी गुणी विद्यार्थ्यांस आशीर्वादपर दोन शब्द सांगावेत, अशी चिटणीसांची आम्हांस आज्ञा झाली. आम्ही जुन्या अकरावीची मॅट्रिक झालेले, पुढे ३८ वर्षे प्राथमिक शाळेत खडू झिजविलेले आणि २०१६ साली निवृत्त झालेले एक साधे शिक्षक. विद्वत्तापूर्ण भाषण आमच्याकडून होणे नाही. परंतु या वर्षापासून आपले मंडळ ज्ञातीतील चौदा वर्षांखालील मुलांचे फुटबॉल सामने भरविणार, हे कानी आल्यापासून एक गोष्ट आमच्या मनात घोळत आहे. ती आज सांगितली नाही, तर तीस वर्षांपूर्वी आमच्या हातून जी चूक घडली तीच पुन्हा घडताना आम्ही मुकाट्याने पाहिल्यासारखे होईल. म्हणून आशीर्वादाबरोबर थोडी कटकटही करण्याची परवानगी असावी.

कोल्हापुरास फुटबॉलचे वेड नवे नाही. दुसरीकडे फुटबॉलचा क्लब असतो. आपल्याकडे फुटबॉलचा संघसुद्धा तालमीचा असतो. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम ही नावे ऐकून परगावचा माणूस कुस्तीच्या आखाड्याची चौकशी करू लागतो आणि आपण त्यास राजर्षी शाहू स्टेडियमची वाट दाखवितो. २०१७ साली सतरा वर्षांखालील मुलांची जागतिक स्पर्धा भारतात भरली, तेव्हा भारताच्या संघात आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. त्या दिवसापासून घरोघरीच्या दहा-बारा वर्षांच्या पोरांस आणि त्याहून अधिक त्यांच्या बापांस स्वप्ने पडू लागली. स्वप्न पाहणे वाईट नाही. परंतु ते ज्या पायांवर उभे राहावयाचे, ते पाय अजून वाढत आहेत, याचा विसर पडणे वाईट आहे.

आता आमची गोष्ट सांगतो. मुलांची नावे सांगत नाही. ती मुले आज चाळिशी ओलांडलेले संसारी गृहस्थ आहेत.

१९८७ च्या जून महिन्यात आम्ही पहिलीच्या वर्गात दोन मुलांची नावे एकाच दिवशी दाखल केली. त्या काळी पालकांजवळ जन्माचा दाखला क्वचितच असे. मूल सहा वर्षांचे झालेले दिसले पाहिजे, म्हणून गुरुजी आपल्या हाताने रजिस्टरात '१ जून' ही तारीख घालीत. आज महाराष्ट्रात हजारो माणसांचा वाढदिवस १ जूनला येतो, तो ग्रहांच्या योगामुळे नव्हे, आम्हां मास्तरांच्या टाकामुळे! त्या दोन्ही मुलांची जन्मतारीख आम्ही १ जून १९८१ अशी लिहिली. वास्तविक एकाचा जन्म १९८० च्या दिवाळीनंतरचा आणि दुसऱ्याचा १९८२ च्या संक्रांतीच्या सुमाराचा. म्हणजे दोघांत चौदा महिन्यांचे अंतर. रजिस्टरात मात्र ते जणू जुळे भाऊ.

सातवीत येईपर्यंत निसर्गाने त्या अंतरात आणखी भर घातली. थोरला अंगाने उफाड्याचा निघाला. आवाज फुटला, ओठावर मिसरूड दिसू लागली आणि एका वर्षात विजारीची दुमड दोनदा सोडावी लागली. धाकटा मात्र चौथीतला वाटावा असा किरकोळ. पायात चेंडू मात्र असा खेळवी की पाहत राहावे.

शाळेच्या संघाची जबाबदारी आमच्याकडे होती. आम्ही काय केले? जे बहुतेक मास्तर करतात तेच केले. थोरल्यास आघाडीस घातले आणि धाकट्यास 'पुढच्या वर्षी बघू' म्हणून कडेला बसविले. तो बिचारा सर्वांच्या पिशव्या सांभाळी आणि पाण्याची कळशी भरून आणी. थोरला एकट्याच्या अंगबळावर सामने जिंकून देऊ लागला. मग त्यास शाळेच्या संघातही खेळविले, पेठेच्या लहान मुलांच्या संघातही खेळविले, आणि रविवारी मोठ्या मुलांबरोबर सरावासही पाठविले. 'गुरुजी, गुडघ्याखाली दुखतंय' असे तो दोन-तीनदा म्हणाला. आम्ही गुडघा पाहिला. पुढच्या बाजूस हाड थोडे उंचावल्यासारखे दिसत होते. 'वाढीचं दुखणं आहे, तेल चोळ' असे सांगून आम्ही मोकळे झालो.

१९९४ च्या जानेवारीत उपांत्य सामन्यात त्याने दुरून जोराने चेंडू मारला आणि तो जागच्या जागी बसला. जांघेच्या वर, कमरेच्या पुढच्या हाडाशी काहीतरी तुटल्याचे त्यास स्वतःस जाणवले. क्ष-किरण चित्र पाहून डॉक्टर म्हणाले, मांडीचा मोठा स्नायू जेथे कमरेच्या हाडास चिकटतो, तेथील हाडाचा तुकडाच स्नायूने ओढून काढला आहे. मग त्यांनी आम्हांस दोन प्रश्न विचारले. 'हा मुलगा गेल्या वर्षात किती उंच झाला? आणि त्याचा गुडघा किती दिवस दुखत होता?' पहिल्या प्रश्नाचे उत्तर आमच्याजवळ नव्हते. दुसऱ्याचे होते, पण ते सांगण्यास तोंड नव्हते.

हाड तीन महिन्यांच्या विश्रांतीने जुळून आले. मुलाचे मन मात्र जुळले नाही. वडिलांनी खेळ बंद केला तो कायमचा. धाकट्याची कथा निराळी. तो सोळाव्या वर्षी एकाएकी वाढू लागला आणि आज आमच्याहून वीतभर उंच आहे. परंतु तोपर्यंत मैदानाची गोडी सुटली होती. एकाचा खेळ आम्ही फार खेळवून संपविला, दुसऱ्याचा मुळीच न खेळवून. दोघेही रस्त्यात भेटले की वाकून नमस्कार करतात. तो नमस्कार आम्हांस फार जड वाटतो.

अलीकडे आमचा नातू फुटबॉल खेळू लागला, तेव्हा आपल्याच ज्ञातीतील एका तरुण अस्थिरोगतज्ज्ञ डॉक्टरांस आम्ही ही हकीकत सांगितली आणि यामागचे शास्त्र समजावून घेतले. ते येथे जमेल तितके सोप्या शब्दांत मांडतो.

मुलाचे हाड म्हणजे मोठ्या माणसाच्या हाडाची लहान प्रतिकृती नव्हे. लांब हाडांच्या टोकांपाशी कूर्चेची एक मऊ पट्टी असते. हाड लांबते ते तेथून. स्नायू ज्या ठिकाणी हाडास चिकटतात तेथेही काही जागी अशीच कूर्चा असते. वाढ पुरी झाली की ती कूर्चा हाड बनते आणि सांधा पक्का होतो. तोपर्यंत स्नायू, कंडरा व हाड या साखळीतील सर्वांत कच्ची कडी तीच. मोठ्या माणसाचा स्नायू जेथे लचकेल, तेथे वाढत्या मुलाच्या हाडाचा कोपराच उचकटून येतो. आमच्या विद्यार्थ्याचे नेमके हेच झाले.

दुसरी गोष्ट अशी की वाढ सारख्या वेगाने होत नाही. मुलींच्या उंचीचा वेग साधारणपणे बाराव्या वर्षाच्या आसपास आणि मुलांचा चौदाव्याच्या आसपास सर्वांत अधिक असतो. त्या वर्षी मुलगा नऊ-दहा सेंटिमीटर वाढतो. हा झाला सरासरीचा हिशेब. प्रत्यक्षात कोणाची ही उसळी बाराव्या वर्षी येते, तर कोणाची सोळाव्या. म्हणून खऱ्या जन्मतारखेने तेरा वर्षांच्या दोन मुलांच्या हाडांच्या वयात तीन-चार वर्षांचे अंतर सहज आढळते. येथे एक घोटाळा टाळला पाहिजे. खोटी जन्मतारीख हा माणसाचा दोष आहे. उशिरा किंवा लवकर वाढणे हा दोषच नव्हे, तो निसर्गक्रम आहे. आमच्या दोन विद्यार्थ्यांच्या बाबतीत दोन्ही गोष्टी एकत्र आल्या होत्या.

तिसरी गोष्ट आयाबहिणींच्या नित्य अनुभवातील आहे. मुलाच्या चपला आधी आखूड होतात, विजार मागाहून. वाढ पायाच्या पंजापासून सुरू होते, मग नडगी, मग मांडी आणि शेवटी धड. दुखणेही बहुधा त्याच क्रमाने वर चढते. आठ ते बारा वर्षांच्या मुलास टाच दुखते. या दुखण्याचे वर्णन अमेरिकेतील डॉ. सेव्हर यांनी १९१२ साली केले. पुढे गुडघ्याखालचा उंचवटा दुखतो, बोस्टनचे डॉ. ऑस्गुड आणि झुरिचचे डॉ. श्लाटर या दोघांनी १९०३ साली एकमेकांस न विचारता ते दुखणे ओळखले आणि दोघांचीही नावे त्यास चिकटली. त्यानंतर पाळी कमरेची. हे क्रमवार दुखणे म्हणजे शरीराने धाडलेली पत्रेच होत. आम्ही टाचेचे पत्र वाचले नाही, गुडघ्याचे फाडून टाकले आणि शेवटी कमरेची तार आली.

चौथी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. हाड आधी लांबते आणि त्यात चुन्याचा भरणा मागाहून, काही महिन्यांच्या अंतराने होतो. म्हणजे भिंत उंच झाली, पण गिलावा अजून ओला, अशी अवस्था असते. त्यातच हातपाय लांबल्यामुळे काही मुलांचा अंगावरील ताबा काही काळ सुटतो. काल नीट खेळणारा मुलगा आज अडखळू लागतो. बाप म्हणतो, 'पोराचं लक्ष नाही.' लक्ष असते. पाय नवे असतात.

पाश्चात्य देशांत याचा पद्धतशीर अभ्यास झाला आहे. हॉलंडमधील होतकरू फुटबॉलपटूंची वर्षानुवर्षे मोजदाद केली, तेव्हा उंचीची उसळी येते त्या वर्षी आघाताच्या दुखापती वाढलेल्या दिसल्या. फ्रान्समध्ये क्लेरफोंतेन येथील राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्रात चौदा वर्षांखालील मुलांच्या दहा हंगामांतील दुखापती त्यांच्या हाडांच्या वयाशी ताडून पाहिल्या. २००७ साली प्रसिद्ध झालेला तो निष्कर्ष विचार करण्याजोगा आहे. लवकर वाढलेल्या आणि उशिरा वाढणाऱ्या मुलांत दुखापतींच्या एकंदर प्रमाणात मोठा फरक नव्हता. फरक होता प्रकारांत. लवकर वाढलेल्यांस कंडरांची व जांघेची दुखणी अधिक, तर उशिरा वाढणाऱ्यांस हाड-कूर्चेची अधिक. म्हणजे 'धिप्पाड पोराला काय होतंय' हेही खोटे आणि 'किरकोळ पोराला खेळवूच नये' हेही खोटे. काळजी दोघांचीही घ्यावयाची, पण निरनिराळी.

मग उपाय काय? कोल्हापूरच्या माणसास तो परदेशातून आणण्याचे कारण नाही. राजर्षी शाहू महाराजांनी बांधविलेले खासबाग मैदान आपल्या डोळ्यांसमोर आहे. कुस्तीची जोड लावताना जन्माचा दाखला कोण मागतो? जाणता वस्ताद पोराचे अंग पाहतो, वजन पाहतो, मान आणि मनगट पाहतो आणि मग जोड ठरवितो. विजोड कुस्ती लावली तर प्रेक्षकच ओरडतात. जे शहाणपण आपण लाल मातीत पाळतो, ते हिरवळीवर का सोडावे?

इंग्लंडमधील अव्वल क्लबांनी गेल्या दहा-बारा वर्षांत हेच केले. मुलाची उंची, वजन, वय आणि आईबापांची उंची यांवरून तो मोठेपणी किती उंच होईल याचा अंदाज काढता येतो. ही रीत १९९४ साली प्रसिद्ध झाली. त्या अंदाजित उंचीचा किती हिस्सा आज पुरा झाला, हे पाहून ते मुलांचे गट पाडतात. अकरा ते चौदा वर्षांची जी मुले आपल्या पूर्ण उंचीच्या ८५ ते ९० टक्क्यांपर्यंत पोहोचली आहेत, त्यांचे आपापसांत सामने खेळविले. अंगबळावर जिंकणाऱ्या मुलांस प्रथमच डोके चालवावे लागले, आणि मागे पडलेल्या लहानग्यांस आपले कसब दाखविण्यास वाव मिळाला. दोघांनीही हे सामने आवडल्याचे सांगितले. वयाचे गट त्यांनी मोडले नाहीत. अधूनमधून अशी 'जोड' लावून पाहिली, इतकेच.

खोट्या वयाचा प्रश्न मात्र कडकपणे हाताळावा लागतो. २००९ सालच्या सतरा वर्षांखालील जागतिक स्पर्धेपासून फिफाने मनगटाची एम. आर. आय. तपासणी सुरू केली. मनगटापाशी हाड पूर्ण जुळलेले दिसले तर मुलगा सतरा वर्षांखालील असण्याचा संभव फार थोडा. ती वेळ आपल्यावर येऊ नये. आज जन्माचे दाखले सर्वत्र मिळतात. चषकासाठी मुलाचे वय दोन वर्षांनी कमी सांगणारा बाप आपल्या मुलास जिंकवीत नाही, दुसऱ्याच्या मुलाच्या हाडांशी खेळतो.

भगिनींनो, आता आपल्या मुलीही मैदानात उतरत आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. त्यांच्याबाबत दोन शब्द स्पष्ट बोलतो. वडीलधाऱ्यांनी राग मानू नये. वयात आल्यानंतर मुलींमध्ये गुडघ्याच्या आतील मुख्य अस्थिबंध तुटण्याचा धोका मुलांपेक्षा बराच अधिक असतो. उडी मारून नीट उतरणे आणि धावताना वळणे यांचे शिक्षण त्यांस आवर्जून द्यावे. तसेच खेळणाऱ्या मुलीची मासिक पाळी बंद झाली किंवा फार लांबू लागली, तर 'सराव जोरात आहे' म्हणून सोडून देऊ नये. खाणे अपुरे पडत असल्याची आणि हाडे झिजत असल्याची ती सूचना असू शकते. डॉक्टरांस विचारण्यात लाज नाही. ताटात भाकरीबरोबर दूध, डाळी, अंडी असतील याची काळजी मुलाइतकीच मुलीचीही घ्यावी.

आता कार्यकारी मंडळास आमची नम्र विनंती पाच कलमांत सांगतो.

पहिले : नोंदणी जन्माच्या दाखल्यावरच करावी. त्यात मास्तरांचा १ जून चालू नये!

दुसरे : प्रत्येक मुलाची उंची दर तीन महिन्यांनी मोजून वहीत लिहावी. घरी दाराच्या चौकटीवर पेन्सिलीची खूण पुरे. तीन महिन्यांत दोन सेंटिमीटरांहून अधिक वाढ दिसली की तो मुलगा उसळीत आहे असे समजावे आणि त्याचे उड्या मारणे, वेगाने धावणे व जोराचे फटके काही काळ कमी करावेत. खेळ बंद करू नये, हळू करावा.

तिसरे : चषकाचे सामने वयाप्रमाणे होवोत, परंतु सरावात निदान महिन्यातून एकदा अंग पाहून जोड लावावी. संघात किरकोळ अंगाच्या मुलांस प्रत्येक सामन्यात काही वेळ खेळविणे सक्तीचे करावे.

चौथे : खेळण्यापूर्वी पंधरा-वीस मिनिटे अंग मोकळे करण्याचा शिस्तबद्ध व्यायाम घ्यावा. एका पायावर तोल, उडी मारून अलगद उतरणे, पडताना अंग सावरणे असा लहान मुलांसाठी तयार केलेला व्यायामक्रम युरोपातील चार देशांत सुमारे ३,९०० मुलांवर पारखला गेला. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत व्यायाम करणाऱ्या संघांत दुखापती जवळजवळ निम्म्याने कमी आढळल्या. यास पैसा लागत नाही.

पाचवे : आठवड्यात एक दिवस पूर्ण विश्रांती, आणि मुलाचे जितके वय, त्याहून अधिक तास आठवड्यात शिस्तीचा खेळ नको, असा तज्ज्ञांचा सल्ला आहे. शाळा, पेठ आणि आता ज्ञातीचा चषक, अशा तिघांनी मिळून एकाच मुलास ओढू नये. टाच, गुडघा वा कमर दुखते असे मूल म्हणाले, लंगडले किंवा रात्री दुखण्याने जागे झाले, तर तेल चोळून भागवू नये. त्यास डॉक्टरांस दाखवावे.

दुखापतीस वाढ हेच एक कारण असते, असे आम्ही म्हणत नाही. मुरमाड कडक मैदान, न बसणारे बूट, अपुरी झोप आणि पूर्वीची अर्धवट बरी झालेली दुखापत हीही कारणे आहेत. आणि दुखापतीच्या भीतीने मुलांस घरी कोंडून ठेवावे, असे तर मुळीच म्हणत नाही. खेळाने हाडे बळकट होतात. आमचे म्हणणे एवढेच की चौदा वर्षांखालील सामन्याचा हेतू चषक नव्हे. चोविसाव्या वर्षीही मैदानावर आवडीने येणारा माणूस घडविणे हा आहे.

'मुलाचे पाय पाळण्यात दिसतात' अशी म्हण आहे. आमचा अनुभव असा की पाळण्यात दिसलेले पाय बारा ते सोळा वर्षांच्या दरम्यान पुन्हा एकदा नव्याने पाहावे लागतात, आणि ते पाहण्यास घाई चालत नाही.

मघाशी ज्या थोरल्या विद्यार्थ्याची गोष्ट सांगितली, त्याचा मुलगा आता अकरा वर्षांचा आहे आणि त्याने मंडळाच्या चषकासाठी नाव दिले आहे. परवा तो आपल्या वडिलांबरोबर आमच्या घरी आला होता. आम्ही त्यास दारापाशी उभे केले, डोक्यावर पुस्तक ठेवले आणि चौकटीवर पेन्सिलीने खूण केली. खाली तारीख लिहिली. या वेळी ती खरी आहे.